शयनगृहातील हवा, निद्रा आणि रोगमुक्ती : मुंबईतील एकखोली बिऱ्हाडांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

चरकसंहितेत आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य यांना शरीराचे तीन उपस्तंभ म्हटले आहे. यांपैकी निद्रेचा विचार करताना मनुष्य ज्या खोलीत रात्रीचे सात-आठ तास घालवितो, त्या खोलीतील हवेचा प्रश्न अपरिहार्यपणे पुढे येतो. आधुनिक आरोग्यशास्त्राच्या इतिहासात हा प्रश्न अनेकदा विचारला गेला आणि त्याची उत्तरे काळानुसार बदलत गेली. ही उत्तरे मुंबईतील एकखोली बिऱ्हाडांच्या संदर्भात तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. मुंबईत निजण्याची, स्वयंपाकाची, आजारपणाची आणि बाळंतपणाची खोली बहुसंख्य श्रमिकांच्या बाबतीत एकच होती. त्यामुळे 'शयनगृह' हा शब्दच येथे काहीसा उसना वाटतो.

निवात आणि प्रवात

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रुग्णालयाच्या रचनेचे जे वर्णन आहे, त्यात दोन अटी एकत्र घातलेल्या आढळतात. वास्तू वाऱ्यापासून आडोसा देणारी, म्हणजे निवात असावी. तथापि तिच्या एका भागातून वारा खेळता असावा आणि तेथे धूर, ऊन, धूळ पोहोचू नये. सुश्रुतानेही व्रणी रुग्णाचे घर स्वच्छ व निवात असावे असे सांगितले आहे. आपल्याकडील बाळंतिणीच्या खोलीचा पारंपरिक रिवाज पाहिला, म्हणजे खिडक्या बंद, खाटेखाली शेगडी, धुरी आणि 'वारा लागेल' ही धास्ती, तर असे म्हणावेसे वाटते की, लोकव्यवहाराने यातील पहिली अट जपली. दुसरी मात्र विस्मरणात गेली.

युरोपात या प्रश्नाला मोजमापाची शिस्त म्युनिकच्या माक्स फोन पेटेनकोफर याने लावली. १८५८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात त्याने खोलीतील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण हजारात एक भागापेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा सुचविली. हा वायू त्या प्रमाणात विषारी असतो असे त्याचे म्हणणे नव्हते. माणसांच्या वास्तव्याने हवा किती 'वापरली' गेली आहे, याचा तो केवळ निदर्शक होता. एका साध्या हिशेबाने हे स्पष्ट होईल. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली पूर्ण हवाबंद आहे असे मानले, तर निजलेल्या एका प्रौढ माणसाच्या उच्छ्वासातून आठ तासांत सुमारे शंभर लिटर कार्बन डायऑक्साइड तीत मिसळेल आणि त्याचे प्रमाण हजारात साडेतीन भागांनी वाढेल. प्रत्यक्षात कोणतीही खोली इतकी बंद नसते. दारांच्या फटीच पुष्कळदा पेटेनकोफरच्या मदतीला येतात.

याच सुमारास फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ च्या आपल्या शुश्रूषाविषयक पुस्तकात रुग्णाला थंडी न बाजू देता त्याच्या खोलीतील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवणे, हा परिचर्येचा पहिला नियम सांगितला. रात्रीची हवा अपायकारक असते, या समजाची त्यांनी खिल्ली उडविली. क्रिमियन युद्धानंतर इंग्लंडमधील सैनिकी बराकींत दरमाणशी ६०० घनफूट जागा असावी, असे मान ठरविण्यात आले. हा आकडा लक्षात ठेवावा. पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

प्लेग आणि प्रकाशकोन

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मूळचे गोव्याचे असलेल्या या डॉक्टरांचे निदान अचूक होते. परंतु रोग पसरतो कसा, याविषयी प्रशासनाचा समज जुन्या दूषित-हवेच्या सिद्धान्तावरच उभा होता. त्यामुळे घरांना चुना फासणे, जंतुनाशके ओतणे, ऊन-वारा आत यावा म्हणून छपरावरील कौले उतरविणे, असे उपाय योजण्यात आले. पॉल-लुई सिमाँ याने १८९८ मध्ये उंदरांवरील पिसवांचा संबंध दाखविला, तरी तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. मधल्या काळात 'हवा' या एका शब्दाच्या आधारे हजारो बिऱ्हाडे उठविली गेली.

१८९८ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड ही त्याची ठळक उदाहरणे होत. ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ मध्ये मुंबईच्या घरांतील प्रकाश व हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि ६३.५ अंशांच्या नियमाचा आग्रह धरला. या नियमाचे सार असे की, समोरील इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या रुंदीच्या दुपटीहून अधिक नसावी. नियम भूमितीच्या दृष्टीने निर्दोष होता. परंतु सुरुवातीच्या वर्षांत पाडलेल्या घरांच्या मानाने नव्या खोल्या पुऱ्या पडल्या नाहीत आणि विस्थापित कुटुंबे शेजारच्या चाळींत दाटीने शिरली. एका गल्लीला मिळालेला वारा दुसऱ्या गल्लीच्या हिशेबातून वजा झाला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

डॉ. बार्न्स यांनी पाहिलेली खोली

या संदर्भात १९२२ साली मुंबई सरकारच्या 'लेबर गॅझेट'मध्ये प्रसिद्ध झालेला डॉ. बार्न्स यांचा अहवाल मोलाचा आहे. औद्योगिक क्षेत्रातील स्त्रियांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी सरकारने या महिला डॉक्टरांची नेमणूक केली होती. एका चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर सुमारे १५ फूट लांब व १२ फूट रुंद अशा एका खोलीत त्यांना सहा कुटुंबे, म्हणजे एकूण तीस माणसे राहताना आढळली. जमिनीवर सहा स्वतंत्र चुली होत्या. सहा स्त्रियांपैकी तिघी लवकरच बाळंत होणार होत्या आणि त्यांची बाळंतपणे मुंबईतच व्हावयाची होती. आडोशाची सोय काय, असे विचारता सोबतच्या परिचारिकेने सुमारे तीन फूट बाय चार फुटांचा एक कोपरा दाखविला. त्या प्रसंगी तेवढीच जागा पडद्याने वेगळी केली जात असे. सहा चुलींच्या धुराने भरलेल्या त्या खोलीतील रात्रीची हवा माता व अर्भक या दोघांनाही बाळंतपणापूर्वी आणि नंतर बाधक ठरेल, असा अभिप्राय डॉ. बार्न्स यांनी नोंदविला. अशा अनेक खोल्यांपैकी ही एक होती, हेही त्यांनी स्पष्ट केले.

खोलीची उंची दहा फूट धरली, तर दरमाणशी ६० घनफूट हवा येते. बराकीतील सैनिकासाठी ठरविलेल्या मानाच्या ती बरोबर एक दशांश आहे. अर्थात तीसही माणसे रात्री आत निजत नसत. पुरुषमंडळी गॅलरीत, जिन्याखाली किंवा पदपथावर वळकट्या पसरीत. गिरण्यांच्या पाळ्यांमुळे एकच पथारी दोघांच्या कामी येई. बाळंतीण, आजारी माणूस आणि लहान मुले यांना मात्र आतच राहावे लागे. ज्यांना चांगल्या हवेची सर्वाधिक आवश्यकता होती, त्यांच्याच वाट्याला सर्वांत वाईट हवा येत असे. रहिवाशी खिडक्या बंद ठेवतात, अशी अधिकाऱ्यांची तक्रार असे. परंतु चोर, डास, पावसाची झड आणि एका खोलीत स्त्रियांना लागणारा आडोसा यांचा विचार केल्यास त्या बंद खिडकीमागे निव्वळ अज्ञान होते असे म्हणता येत नाही.

सिद्धान्ताची फेरतपासणी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लेनर्ड हिल यांनी बंद कक्षांतील प्रयोगांतून दाखविले की, कोंदट खोलीतील अस्वस्थतेचे कारण मुख्यतः उष्णता, आर्द्रता आणि हवेची स्तब्धता हे असते. कक्षात पंखा फिरविला की, हवेतील वायूंचे प्रमाण तेच राहूनही माणसांना हुशारी वाटे. मुंबईच्या दमट हवामानात हा निष्कर्ष कोणाही चाळकऱ्याला नवा वाटला नसता.

रोगमुक्तीच्या संदर्भातील धक्का याहून मोठा होता. क्षयरोगावर मोकळी हवा व विश्रांती हाच उपचार मानून युरोपात आरोग्यधामे उभी राहिली, मिरजेजवळ डॉ. विल्यम वॉनलेस यांनी स्थापन केलेले आरोग्यधाम हे आपल्याकडील परिचित उदाहरण. १९५६ मध्ये मद्रास येथे सुरू झालेल्या अभ्यासात गरीब वस्तीतील १९३ क्षयरुग्णांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाने आरोग्यधामात, तर दुसऱ्याने आपल्या दाटीच्या घरात राहून तीच औषधे वर्षभर घेतली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही गटांतील गुण जवळजवळ सारखाच होता. या निष्कर्षाने असंख्य गरीब रुग्णांना घरी राहून बरे होण्याचा मार्ग खुला केला. मात्र घरातील हवेचा प्रश्नही त्यानंतर काहीसा मागे पडला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. औषधाने जंतू मरतो, एवढ्यावरून खोली निजण्यायोग्य आहे असे ठरत नाही.

निद्रेच्या बाजूने हा प्रश्न पुन्हा अलीकडे उपस्थित झाला. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वसतिगृहातील एकेका विद्यार्थ्याच्या खोलीत हवेचे प्रमाण बदलून पाहिले. एका प्रयोगात खिडकी बंद असताना कार्बन डायऑक्साइडचे सरासरी प्रमाण दशलक्ष भागांत २५८५, तर उघडी असताना ६६० होते. दुसऱ्या प्रयोगात खिडकीऐवजी आवाज न करणारा पंखा वापरून हवा आत घेतली. हवा खेळती असताना निद्रेचा दर्जा सुधारला. दुसऱ्या दिवशीची सुस्ती घटली आणि तर्काधिष्ठित चाचणीतील कामगिरीही उंचावली. पेटेनकोफरची मर्यादा दशलक्ष भागांत १००० इतकी येते, हे येथे ध्यानात घ्यावे. मात्र हे प्रयोग थोड्या, तरुण व निरोगी व्यक्तींवर झालेले आहेत. शिवाय तेथील खिडकीतून आत येणारी हवा वाहतुकीने गजबजलेल्या आपल्या रस्त्यांवरील हवेसारखी नव्हती.

पेटेनकोफरच्या मोजमापात श्वास येतो, धूर येत नाही. ऑर यांच्या प्रकाशकोनातही चुलीला स्थान नव्हते. घरातील चुलीच्या धुराचे पद्धतशीर मोजमाप गुजरातमधील खेड्यांत कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी केले आणि ते १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. डॉ. बार्न्स यांनी मात्र १९२२ सालीच, हाती कोणतेही उपकरण नसताना, त्या खोलीतील रात्रीच्या हवेविषयी लिहिताना सर्वप्रथम सहा चुलींच्या धुराचाच उल्लेख केला होता.