राख, ओवी आणि जातें



राखेच्या बुधवारीं तुमच्या कपाळावर क्रूस उमटवितांना आम्हांस दरवर्षीं एकच जाणीव होते: ज्या बोटानें ही राख लावितों तें बोटही मातीचेंच आहे. महोत्सवाच्या स्मरणिकेंत इमारती मोजण्याची चाल आहे. आम्ही मात्र आज एका हरवलेल्या पुस्तकाची हकीकत सांगणार आहों.

फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय मूळचे इंग्लंडांतील विल्टशायरचे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजीं ते गोव्यास उतरले आणि पुढें सुमारें चाळीस वर्षें, बहुतेक काळ साष्टी प्रांतांत, राबले. तेथील नवख्रिस्ती लोकांच्या जुन्या पोथ्या सुटल्या होत्या. त्यांच्या जागीं स्वभाषेंत वाचावयास कांहीं नव्हतें. ही उणीव ओळखून त्यांनीं जवळजवळ अकरा हजार ओव्यांचें ख्रिस्तपुराण मराठींत रचिलें. तें १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. १६१९ सालीं ग्रंथकार निवर्तले. ग्रंथ १६४९ व १६५४ सालीं पुन्हां छापला गेला. परंतु १६८४ सालीं पोर्तुगीज सरकारनें लोकभाषेविरुद्ध हुकूम काढिला, आणि आज त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आढळांत नाहीं!

मग पुराण टिकलें कसें? हातानें उतरून घेणारांमुळें. अशा हस्तलिखितांवरूनच १९०७ सालीं जोसेफ साल्डाना यांनीं मंगळूर येथें तें पुन्हां छापविलें. त्या लिहिणारांपैकीं बहुतेकांची आम्हांस ओळखही नाहीं.

स्टीफन्स यांनीं परदेशी वृत्त न घेतां ओवी घेतली, हें आम्हांस फार मोलाचें वाटतें. ज्ञानदेवांचा ग्रंथ ओवीचाच. आणि पहाटे जात्यावर बायका गात ती तिचीच बहीण. आमच्या परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड ही संत जनाबाईंची जन्मभूमि. नामदेवांच्या घरीं दळणकांडण करणाऱ्या त्या दासीच्या जात्याला देव हात लावी, असें वारकरी मानितात. श्रद्धेचे मार्ग निराळे खरे. पण दळणाच्या वेळींही ईश्वर जवळ असतो, हें समजण्यास आमच्या लोकांना सेमिनरींत जावें लागलें नाहीं. आम्हांस मात्र जावें लागलें.

जीवन क्षणिक आहे असें सर्वच धर्म सांगतात. उपदेशकाचा ग्रंथ आरंभींच मिटून ठेवणारास तो निराशेचा वाटतो. पण पुढें तोच ग्रंथ अन्न, पाणी आणि श्रमांतला आनंद यांस ईश्वराचें दान म्हणतो. आणि प्रभु येशू? त्याच्या आयुष्याचीं सुमारें तीस वर्षें नाझरेथांत सुताराच्या घरीं गेलीं; त्यांविषयीं शुभवर्तमानकार जवळजवळ मौन पाळितात. तीं वर्षें वायां गेलीं असें म्हणण्यास कोण धजेल? आमच्या मतें ख्रिस्ती शहाणपण तेथेंच शिकावें, व्यासपीठावर नव्हे. (व्यासपीठावरून बोलणारे आम्हीच, हें ध्यानांत आहे.)

१९७७ सालीं औरंगाबादचा धर्मप्रांत निराळा झाला. त्याआधींचीं बाप्तिस्म्याच्या नोंदींचीं कांहीं पानें फिकट झालीं आहेत. तीं आम्ही या वर्षीं हातानें उतरून काढीत आहों. एका ओळींत मुलाचें नांव स्पष्ट आहे, बापाचेंही आहे. आईच्या नांवाचें पहिलें अक्षर तेवढें उरलें आहे. मिस्सेनंतर म्हाताऱ्या माणसांस विचारतों. अजून कोणास आठवलेलें नाहीं. ती जागा आम्ही मोकळी ठेविली आहे.