अडीच फुटी रुळांचे पुढे काय?

१२ एप्रिल २०१६ रोजी लातूरच्या रेल्वे स्टेशनात पाण्याची गाडी आली. मिरजेला भरलेल्या १० टाकी-वाघिणींत मिळून सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. काही दिवसांनी ५० वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला २५ लाख लिटर पाणी येऊ लागले. हे सर्व त्या वेळी वृत्तपत्रांतून पुष्कळ वाचले गेले. ही गाडी ज्या मार्गाने आली त्याच्याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. मिरज, सांगोले, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, धाराशिव, लातूर हा ३४२ किलोमीटरचा मार्ग म्हणजे बहुतांशी जुनी 'बार्शी लाइट रेल्वे'. तिच्या रुळांमधले मूळ अंतर होते अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. आता तेथे ब्रॉडगेज आहे, म्हणजे १६७६ मिलिमीटर.

अगदी याच मापाची दुसरी रेल्वे वऱ्हाडात होती. मूर्तिजापूरहून एक फाटा ७६ किलोमीटरवर अचलपूरला जाई, दुसरा ११३ किलोमीटरवर यवतमाळला. लोक तिला 'शकुंतला' म्हणत. गेल्या दशकात दोन्ही फाट्यांवरची नियमित वाहतूक थांबली. (पुलगाव-आर्वी ही लहान शाखाही याच कुटुंबातली.) दोन बहिणींपैकी एक जागी झाली, एक निजली, असे का झाले आणि निजलेलीचे पुढे काय करावे, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

प्रथम अडीच फूटच का, ते पाहू. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियराने १८९७ साली बार्शी लाइट रेल्वेचा पहिला टप्पा सुरू केला. (हेच गृहस्थ पुढे पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी पॅराशूट तयार करण्याच्या मागे लागले!) त्यांचा विचार साधा होता. रूळ किती जड हवेत हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही, एका आसावर किती भार येतो यावर ठरते. मग इंजिन असो, डबा असो वा वाघीण, कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. असे केले की यार्डाला ३० पौंड, म्हणजे मीटरला १५ किलोग्रॅम वजनाचा रूळ पुरतो. आज मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोग्रॅमचा रूळ असतो, त्याच्या चौथा हिस्सा. गेज अरुंद म्हणजे भराव अरुंद, पूल हलके, वळणेही जास्त तीव्र चालतात. थोडा माल असलेल्या प्रदेशात थोड्या पैशांत रेल्वे नेण्याची ही युक्ती होती, आणि ती चांगलीच होती. १९११ साली ही रेल्वे लातूरला आणि १९२७ साली मिरजेला पोहोचली.

वऱ्हाडाची गोष्ट कापसापासून सुरू होते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले. तेथला कापूस मिळेना, म्हणून इंग्लंडमधल्या गिरण्यांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. १८६७ साली मुंबईहून निघालेला ब्रॉडगेज रस्ता नागपूरला पोहोचला. १८७० साली जलंबहून खामगावच्या कापूस बाजारापर्यंत जेमतेम १३ किलोमीटरचा फाटा झाला आणि त्याच्या उद्‌घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. हा फाटा ब्रॉडगेज होता. खामगावला भरलेली वाघीण तशीच्या तशी मुंबई बंदरात जाऊ शके. अचलपूर आणि यवतमाळ मात्र अंतराने लांब. तेथपर्यंतच्या रेल्वेसाठी १९१० साली किलिक निक्सन या व्यापारी पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि तिने अरुंद गेज निवडले.

येथे एक अडचण जन्माबरोबरच आली. मूर्तिजापूरला गेज बदलत होते, त्यामुळे प्रत्येक गाठ एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावी लागे. कापसाची आजची प्रमाण गाठ १७० किलोग्रॅमची असते. १५ टनांच्या लहान वाघिणीत वजनाच्या हिशेबाने ८८ गाठी झाल्या. जिनवर गाडीत भरणे, मालधक्क्यावर उतरवणे, वाघिणीत भरणे, मूर्तिजापूरला उतरवणे, पुन्हा भरणे, मुक्कामी उतरवणे: एकाच गाठीला सहा वेळा हात लागले. ट्रकने हीच गाठ जिनवर चढते आणि गिरणीत उतरते. दोनच वेळा.

मग सुरुवातीला हे परवडले कसे? कारण तेव्हा स्पर्धा बैलगाडीशी होती. यवतमाळ-मूर्तिजापूर हे अंतर तोडायला बैलगाडीला चार-पाच दिवस लागणार. एवढे दिवस वाचत असतील तर आणखी दोनदा हमाली सोसता येते. शिक्षकांना हे वर्गात एका समीकरणाने दाखवता येईल. रेल्वेने दर टनाला दर किलोमीटरमागे होणारी बचत ब रुपये, अंतर क किलोमीटर आणि जास्तीच्या चढ-उताराचा खर्च ख रुपये असेल, तर ब × क ही संख्या ख पेक्षा मोठी असेपर्यंतच रेल्वेत अर्थ आहे. ख हा अंतरावर अवलंबून नाही, म्हणून लहान फाट्याला तो सर्वांत जास्त जाचतो. रस्ते झाले, ट्रक आले, ब आकसला. ख मात्र तेवढाच राहिला.

वास्तविक निसर्गनियम रेल्वेच्या बाजूने आहे. सपाटीवर एक टन माल सावकाश ओढायला पोलादी रुळावर साधारण दीड-दोन किलोग्रॅम वजनाइतके बल पुरते, तर ट्रकच्या टायरांना डांबरी रस्त्यावर सहा ते दहा किलोग्रॅम लागते. (चढ आला की हा फायदा घटतो. शंभरात एक चढ असला तर दोघांनाही टनामागे आणखी दहा किलोग्रॅम लागतात.) परंतु हा फायदा खिशात पडायचा तर माल एका जागी पुष्कळ हवा आणि वाटेत कमी हाताळला जायला हवा. १९८० नंतर आपल्या रेल्वेने सुट्या वाघिणींची वाहतूक कमी करत संपूर्ण गाडी एकाच मालाने भरण्याचे धोरण धरले. मोठ्या खाणींना आणि सिमेंट कारखान्यांना ते सोयीचे होते. अंजनगाव किंवा दारव्ह्याच्या व्यापाऱ्याला त्यात जागा नव्हती.

शकुंतलेबद्दल बोलताना 'अजून इंग्रजांच्या मालकीची रेल्वे' हे वाक्य हमखास येते. आम्हाला त्यात फारसा अर्थ दिसत नाही. ती कंपनी पुढे भारतीय हातांत आली. खरी अडचण अशी की मार्ग एकाचा आणि गाड्या चालवणार दुसरा. मग मार्गावर पैसे कोणी घालायचे? १९९४ पर्यंत तेथे वाफेचे इंजिन चालत होते यातच काय ते आले. बार्शी लाइट रेल्वे १९५४ साली सरकारने विकत घेतली. अर्थात त्यानेही लगेच काही झाले नाही. गेजबदल पुरा व्हायला एकविसावे शतक उजाडले.

तो झाल्यावर काय घडले हे पाहण्यासारखे आहे. लातूरच्या पाण्याचाच हिशेब करू. २५ लाख लिटर म्हणजे २,५०० टन. अरुंद गेजच्या १५ टनी वाघिणींत ते आणायचे तर १६७ वाघिणी लागल्या असत्या. २८ डिसेंबर २०२० रोजी शंभरावी किसान रेल्वे निघाली ती याच मार्गावरच्या सांगोल्याहून, थेट पश्चिम बंगालमधल्या शालिमारला. तिच्यात वाटेतल्या स्टेशनांवर थोडा थोडा भाजीपाला आणि फळे चढवता येत होती. तिला भाड्यात सवलत होती हे विसरून चालणार नाही. तरीही पाणी काय किंवा सांगोल्याचे डाळिंब काय, गेजबदलाच्या अहवालात मालाचे आकडे मांडताना यातले काही धरता आले नसते.

आता वऱ्हाडाकडे येऊ. २०१६ च्या सुमारास शकुंतलेच्या गेजबदलाची घोषणा झाली होती. पण सगळ्या १८९ किलोमीटरना एकच न्याय लावणे आम्हाला योग्य वाटत नाही. यवतमाळकडे वर्ध्याहून नांदेडला जाणारा नवा ब्रॉडगेज मार्ग येत आहे. त्याच्या वर्धा-कळंब टप्प्याचे उद्‌घाटन फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. तो यवतमाळला पोहोचला की तिथल्या मालाला मूर्तिजापूरचा फेरा कशासाठी? दारव्ह्यासारख्या मधल्या गावांचा प्रश्न राहतो, पण तो वेगळा मोजावा लागेल. अचलपूरचे तसे नाही. त्या बाजूला संत्र्याचा मोठा मुलूख आहे, कापूस आहे, आणि दुसरी रेल्वे नाही. दोन्हींपैकी एकच हाती घ्यायचा असेल तर आम्ही अचलपूरचा फाटा निवडू.

आणि उरलेल्याचे? कॅलथ्रॉप यांनीच इंग्लंडमध्ये १९०४ साली लीक आणि मॅनिफोल्ड नावाची अडीच फुटी रेल्वे बांधली होती. तेथे रुंद गेजची भरलेली वाघीण तशीच उचलून अरुंद गेजच्या सांगाड्यावर ठेवून नेत. हमालीचा प्रश्न त्यांनी असा सोडवला. तरीसुद्धा ती १९३४ साली बंद पडली. रूळ निघाले, पण पट्टा तुकड्या-तुकड्यांनी विकला गेला नाही. १९३७ मध्ये तेथे पायवाट झाली, आणि ती आजही सलग आहे.

शकुंतलेचा पट्टाही सध्या सलग ठेवता येण्याजोगा आहे. रूळ चोरीला गेले तर नवे आणता येतील. नाही तरी ब्रॉडगेजला ते निरुपयोगीच. भरावावर घरे आणि शेते झाली तर मात्र तीच जमीन पुन्हा संपादन करावी लागेल. तीव्र वळणे सरळ करण्यासाठी थोडी नवी जमीन लागेलच, पण ती थोडीच. मूर्तिजापूर, अचलपूर, दारव्हा या बाजूच्या शाळांतल्या मुलांनी आपल्या गावाजवळच्या दोन-तीन किलोमीटर भरावाचा नकाशा काढावा, त्यावर कोठे रस्ता फुटला, कोठे मोरी ढासळली, कोठे नांगर फिरला ते टिपावे, आणि गावातून वर्षभरात बाहेर जाणाऱ्या मालाची टनांत यादी करावी. पट्टा राखायचा की नाही हे ठरवणाऱ्यांनाही प्रथम हीच माहिती लागेल.