कानाने दिलेले उत्तर

आपल्याकडे बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजान देतात. ती त्याला ऐकू आली की नाही, हे तपासण्याचे भरवशाचे साधन मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती आले.

त्याआधी घरोघरी एकच परीक्षा होती. मागून टाळी वाजवायची नाहीतर ताट आपटायचे. बाळ दचकले की कान ठीक. पण बाळ हवेच्या झोताने किंवा सावलीनेही दचकते. बहिरे बाळ रडते, हसते, पहिले काही महिने हुंकारही देते. दीड-दोन वर्षांनी बोल फुटत नाहीत तेव्हा शंका येते, आणि त्यावर 'मुलगे उशिराच बोलतात' हे शहाणपण तयार असतेच!

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात मॅरियन डाउन्स यांनी 1960च्या दशकात ही टाळीचीच परीक्षा शास्त्रशुद्ध करून पाहिली. ठरावीक आवाज करून नवजात बाळांच्या पापण्यांची, हातापायांची हालचाल नोंदवली. निकाल भरवशाचे निघाले नाहीत. 1969मध्ये तज्ज्ञांची संयुक्त समिती बनली, ती डाउन्स यांच्याच प्रयत्नांनी. आणि त्याच समितीने ही पद्धत सरसकट वापरू नका, असे सांगितले. मला या बाई इथेच मोठ्या वाटतात.

1978मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान आवाज नुसता घेत नाही, काही मिलिसेकंदांत स्वतःचा बारीक आवाज परतही देतो. आता झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून तो परतीचा आवाज टिपतात. हीच ओएई चाचणी. मज्जातंतूतला दोष मात्र तिला कळत नाही. त्यासाठी 'बेरा' करतात. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांची ती करायलाच हवी.

घाई कशासाठी? कोलोरॅडोतल्या 1998च्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत निदान होऊन मदत मिळालेल्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्यांपेक्षा स्पष्टपणे पुढे होती. वर्गात 'सीन' आणि 'शीन' यांतला फरक न कळणाऱ्या मुलाला मठ्ठ ठरवले जाते, तेव्हा ती वर्षे निघून गेलेली असतात.

आपल्याकडे चुलत-मावस भावंडांत, शेजारी मामाच्या मुलीशी लग्ने होतात. अशा नात्यांत जन्मजात बहिरेपणाची शक्यता वाढते. वांद्र्यात 1983पासून अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था आहे. 2013मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातही जन्मजात बहिरेपणाचा समावेश आहे. तरी प्रत्येक प्रसूतिगृहात यंत्र नाही. सुट्टी मिळण्याआधी विचारावे लागते.

चाचणीत 'रेफर' आले म्हणजे बाळ बहिरे ठरले असे नाही. कित्येकदा कानात जन्मावेळचा चिकट थर असतो. पुन्हा चाचणी करायची असते, आणि नेमके तिथेच बरेच आईबाप परत येत नाहीत.