चार ब्लेडांचं माप

1974 साली वडील साताऱ्याला एका डॉक्टरांची जुनी फियाट बघायला गेले, तेव्हा मीही सोबत होते. गाडी 1967 ची, ‘डिलाइट’. वडिलांनी रंग पाहिला नाही, टायर पाहिले नाहीत. गाडी चालू करायला लावली, इंजिन तापेपर्यंत चहा घेतला आणि मग पाऊण पेला पाणी मागून तो पेला एअर फिल्टरच्या डब्यावर ठेवला. पाणी थरथरलं, पण हिंदकळलं नाही. “स्लोला उभी राहतेय,” वडील म्हणाले आणि सौदा झाला.

‘स्लो’ म्हणजे ॲक्सिलरेटरवर पाय नसताना इंजिन जागच्या जागी जे चालतं ते. पुस्तकात त्याला आयडलिंग म्हणत. गॅरेजमध्ये हा शब्द मी कधी ऐकला नाही. स्लो बिघडला की गाडी ‘मिसिंग मारते’, गचके देते आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत नेमकी बंद पडते. पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर असलेल्या वडिलांचे पुढच्या एकोणीस वर्षांतले बरेचसे रविवार या एका दुखण्याने खाल्ले. ते एकटेच नव्हते. एरंडवण्यात आमच्या गल्लीत तीन फियाट होत्या आणि रविवारी नऊच्या सुमारास तिन्हींची बॉनेटं उघडी असत.

याचं श्रेय लोक पुणेरी काटकसरीला देतात. मला ते पटत नाही. काटकसरी माणसं सगळ्या काळात असतात. त्या काळाचं वेगळेपण हे, की सगळ्यांकडे एकच इंजिन होतं.

ते तसं का झालं, याचं उत्तर मुंबईत आहे. 1928 पासून शिवडीला जनरल मोटर्स अमेरिकन गाड्या जुळवत होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून 1947 पासून गाड्या बाहेर पडू लागल्या. त्याही आधी अमेरिकनच. मग 1953 मध्ये सरकारने ठरवलं, की नुसते सुटे भाग आणून जुळवणाऱ्यांनी इथे थांबू नये. इथेच घडवायची तयारी असेल त्यांनी राहावं. 1954 मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला. त्याच वर्षी कुर्ल्यात फियाट 1100 सुरू झाली. 1964 मध्ये तीच ‘डिलाइट’ झाली, 1974 मध्ये ‘पद्मिनी’. नावं बदलली, दिवे-जाळी बदलली. आतलं 1089 सीसीचं इंजिन मूळ 1937 च्या इटालियन गाडीचं वंशज. ते कुर्ल्यात या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिलं. साठ-बासष्ट वर्षं एकच कुळी! नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षं थांबावं लागे, म्हणून जुनीच टिकवायची. आणि शेजाऱ्याची गाडीही तीच, म्हणून त्याने काल शोधलेला दोष आज आपल्याही कामाचा.

तपासाचा क्रम ठरलेला असे. आधी कुठला सिलिंडर लंगडतोय ते बघायचं. इंजिन चालू ठेवून प्लगवरची एकेक टोपी काढायची. टोपी काढली की इंजिन आणखी अडखळलं पाहिजे. काहीच फरक पडला नाही, तर आळशी तोच. कोरड्या फडक्याने धरूनही कधी कधी झटका बसायचाच, आणि वडील झटका बसला की संस्कृतमध्ये पुटपुटायचे. मग प्लग काढून त्याचं तोंड बघायचं. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे हवा जास्त, ओलं-तेलकट म्हणजे खर्चाचं काम. मारी बिस्किटाचा रंग आला तर काम झालं.

त्यानंतर पॉइंट. डिस्ट्रिब्युटरच्या टोपणाखालची ती उघडझाप करणारी जोडी. ठिणग्यांनी त्यांच्या तोंडावर खडबड येते. ती पॉलिश पेपरने काढायची आणि मग मधलं अंतर लावायचं. त्यासाठी गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मी मागून इंच-इंच ढकलायची, म्हणजे इंजिन हळूहळू फिरतं. पॉइंट पूर्ण उघडले की वडील ओरडत, “थांब!” फियाटला हे अंतर अर्ध्या मिलिमीटरला जरा कमी लागतं. आमच्याकडे फिलर गेज आली 1977 मध्ये. तोवर दाढीची चार ब्लेडं. एक ब्लेड एक दशांश मिलिमीटर जाडीचं. चार एकत्र धरून घातली की किंचित अडकत, पण सरकत गेली पाहिजेत. ती चार ब्लेडं दाढीला वापरायची नाहीत, असा घरात नियम होता. आईने ती एकदा शिवण उसवायला घेतली, त्या रविवारी जेवायला उशीर झाला.

कार्बोरेटर शेवटी. सोलेक्सच्या त्या कार्बोरेटरला स्लोचे दोन स्क्रू असत. एक थ्रॉटल किंचित उघडा धरतो, दुसरा मिश्रण ठरवतो. पहिला आवाज वाढवतो, दुसरा सुधारतो. नवखा माणूस पहिल्यालाच पिळत बसतो आणि गाडी नुसती बोंबलते. स्लोचं जेट बारीक. त्यात तार घालायची नाही, भोक मोठं होतं. तोंडाने फुंकर, फार तर ब्रशचा एक केस. खराब झालंच, तर नाना पेठेत नवं घ्यायचं किंवा बुधवार-रविवारी जुन्या बाजारात त्यावरचा नंबर वाचून जुनं उचलायचं.

आमचा सगळ्यात हट्टी दोष मात्र वडिलांनी स्वतःच निर्माण केला होता. 1979 च्या उन्हाळ्यात गाडी तापली की स्लो वर-खाली व्हायचा, जणू धाप लागलीय. प्लग ठीक, पॉइंट ठीक, जेट साफ. तीन रविवार गेले. शेवटी त्यांनी गॅसच्या शेगडीची जुनी नळी घेतली, एक टोक माझ्या कानाला लावलं आणि दुसरं इंजिनावर फिरवत राहिले. कार्बोरेटरच्या बुडाशी आलं तसं मला स्पष्ट फुस्‌स ऐकू आलं. तिथून चोरटी हवा आत जात होती. दोन नट त्यांनी लांब पान्याने इतके आवळले होते, की बुडाची पट्टी दोन्ही टोकांना वाकली आणि मध्ये फट पडली. इलाज साधा. खात्याच्या ग्रुप फोटोची काच काढली, कारण काचेइतकं सपाट घरात दुसरं काही नव्हतं. तिच्यावर पॉलिश पेपर पसरला, थोडं तेल टाकलं आणि कार्बोरेटरचं बूड त्यावर इंग्रजी आठाच्या आकारात घासत बसलो. आधी फक्त टोकं चमकली. तासाभराने चमक मध्यापर्यंत पोचली. नवं पॅकिंग, नट हाताने आणि वर जेमतेम पाव फेरा. ग्रुप फोटो नंतर बिनकाचेचाच भिंतीवर राहिला.

डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि गल्लीतलं हे एकमत मोडलं. तिला सिलिंडर तीन. शेजारचे नाना पहिल्यांदा तिच्यात बसले तेव्हा सिग्नलवरची थरथर जाणवून ठामपणे म्हणाले, “एक मारत नाहीये.” बरोबरच होतं, चौथा नव्हताच.

पुढे 1989 च्या मोटार वाहन नियमांनंतर पीयूसी आली. तिची तपासणी तेव्हा स्लोवरच होई आणि आमच्या गाडीला कार्बन मोनॉक्साइड 3 टक्क्यांच्या आत हवा होता. वडिलांनी कानाने लावलेला, मधासारखा स्लो पहिल्याच तपासणीत नापास झाला. इंजिनाला जे गोड लागतं त्यात पेट्रोल किंचित जास्तच असतं. त्यांनी तिथेच स्क्रू अर्धा फेरा आत घेतला, सर्टिफिकेट घेतलं आणि घरी येऊन पुन्हा बाहेर काढला. हे बरं केलं असं मी म्हणणार नाही.

2000 च्या आसपास नव्या गाड्यांतून कार्बोरेटर गेले; स्लो संगणक लावू लागला. 30 ऑक्टोबर 2023 ला मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी उतरली. आमची फियाट त्याआधी तीस वर्षं विकली गेली होती.

मागच्या वर्षी माझी सध्याची गाडी सिग्नलवर हादरायला लागली. भाच्याने स्टिअरिंगखालच्या सॉकेटला स्कॅनर लावून मोबाइलवर दाखवलं: एकही दोष नाही, फेरे 750, अगदी स्थिर. तरी मी थ्रॉटल बॉडी उघडून त्यावरचा काळा थर स्प्रेने पुसला. त्यानंतर थोडा वेळ फेरे चढे राहतात. संगणकाला नव्याने अंदाज घ्यावा लागतो. तेही झालं. फेरे 750, आणि सीट तशीच थरथरतेय.

मग मी फोन बाजूला ठेवला, भाच्याला ब्रेक दाबून गाडी क्षणभर गिअरमध्ये घ्यायला सांगितली आणि बॉनेट उघडून बघत उभी राहिले. क्लच किंचित सोडताच इंजिन एका बाजूने उचललं गेलं. इंजिन बिचारं नीटच चाललं होतं. ते ज्यावर बसलंय ते फाउंडेशनचं रबर गेलं होतं. मेस्त्रीने दुसऱ्या दिवशी ते काढून माझ्या हातात दिलं. मधोमध चिरलेलं, आणि चिरेत बोट जाईल एवढी फट.