रबरी हातमोज्यांची हकीकत

भगिनींनो, जखम बांधताना किंवा रक्त काढताना नर्सबाई हातांत पातळ रबरी मोजे घालतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. हे मोजे आले कोठून आणि रोगापासून ते कितपत रक्षण करतात, याची हकीकत स्मरणिकेसाठी थोडक्यात लिहिते.

मोज्यांच्या आधी हात धुण्याची गोष्ट येते. व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस नावाचे डॉक्टर होते. तेथे सुइणींच्या विभागापेक्षा डॉक्टरांच्या विभागात बाळंतज्वराने जास्त बायका दगावत. कारण डॉक्टर प्रेतांची चिरफाड करून तसेच बाळंतिणीकडे येत. 1847 च्या मे महिन्यात सेमेलवाइस यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये शंभरात सुमारे 18 बायका गेल्या होत्या, जूनमध्ये सुमारे 2 गेल्या. तरीही पुष्कळ नामवंत डॉक्टरांना हे पटले नाही. आपल्याच हातांनी रोगी दगावतो, हे मानणे कोणालाही जडच जाते.

पुढे अमेरिकेत बाल्टिमोर शहरी जॉन्स हॉपकिन्स इस्पितळ 1889 साली उघडले. तेथे विल्यम हॉल्स्टेड हे शस्त्रक्रिया करीत आणि कॅरोलिन हॅम्प्टन या मुख्य नर्स होत्या. जंतू मारण्यासाठी हात पाऱ्याच्या जहाल औषधात बुडवावे लागत. त्याने कॅरोलिनबाईंच्या हातांची कातडी सोलवटून निघाली. तेव्हा हॉल्स्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ मोजे करवून घेतले. 1890 मध्ये त्या दोघांचा विवाहही झाला. म्हणजे पाहा, हे मोजे आधी रोग्यासाठी नव्हतेच. एका काम करणाऱ्या बाईचे हात वाचावेत म्हणून ते आले.

रोग्यालाही त्यांचा फायदा होतो, हे मागाहून कळले. हॉल्स्टेड यांचे सहकारी जोसेफ ब्लडगुड यांनी 1899 मध्ये अंतर्गळाच्या साडेचारशेंवर शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. मोजे घालू लागल्यापासून जखमा चिघळण्याचे प्रमाण फारच उतरले होते.

पूर्वी हेच मोजे धुऊन, वाळवून, भोके तपासून, पावडर लावून, वाफेवर तापवून पुन्हा वापरीत. एकदा वापरून टाकून द्यायचे मोजे 1960 नंतरच्या दशकात आले. पुढे एड्सच्या भीतीने 1980 नंतर त्यांचा वापर सर्वत्र वाढला. मोज्यांतल्या पावडरीने श्वासाचा त्रास व अ‍ॅलर्जी होते असे दिसल्यावर अमेरिकेने 2017 मध्ये पावडरीच्या वैद्यकीय मोज्यांवर बंदी घातली.

आता, रक्षण कितपत होते? रक्त, पू, घाण हाताला लागत नाही, हा लाभ खरा. परंतु सुई मोज्यातून आरपार जाते; सुईवरचे थोडे रक्त मोज्याला पुसले जाते, एवढेच. नव्या मोज्यातही डोळ्यांना न दिसणारे छिद्र असू शकते. आत हात घामेजतो आणि तेथे जंतू वाढतात. शिवाय मोजा काढताना बाहेरची घाण बोटांना लागते. म्हणून मोजे घालण्याआधी व काढल्यावर हात धुवावेच लागतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच मोज्याने सर्वत्र हात लावणे. सोवळे नेसून ओवळ्याला शिवले तर सोवळे राहत नाही, तसेच हे आहे. 2020 मध्ये करोनाच्या साथीत पुष्कळजण मोजे घालून बाजारात जात आणि त्याच हाताने पैसे, फोन व तोंडही चाचपत. मोजा हाताला वाचवतो. हात जेथे जाईल तेथे रोग नेण्याचे तो थांबवीत नाही.

आपल्यापैकी बऱ्याच जणींना घरी म्हाताऱ्या माणसांची, अंथरुणाला खिळलेल्यांची सेवा करावी लागते. तेव्हा एका कामाला एक जोड घ्यावा, मोजा उलटा करीत काढावा, बंद पिशवीत टाकावा आणि साबणाने हात स्वच्छ धुवावेत. दुसऱ्याची सेवा करणाऱ्या बाईचे हातही नीट राहिले पाहिजेत, हे कॅरोलिनबाईंच्या हकीकतीवरून ध्यानी घ्यावे, एवढीच भगिनींना विनंती.