ठिपके वाढले, खेळ किती बदलला?

व्हिडिओ गेम खेळणारी मुले एक प्रश्न हमखास विचारतात. पडद्याचे रेझोल्यूशन वाढले तर खेळात खरोखर फरक पडतो का? दुकानातल्या खोक्यांवर १०८० आणि ४के हे आकडे ठळक छापलेले असतात आणि त्यांप्रमाणे किंमतही चढत जाते. आकडा वाढतो हे खरे, पण डोळ्याला तो तितकाच जाणवतो का? या खेळांचा इतिहास नीट पाहिला तर उत्तर बरेचसे हाती लागते. त्याआधी आपल्या डोळ्याची मर्यादा समजून घेऊ.

वर्तमानपत्रातले छायाचित्र भिंगाखाली धरले की नुसते ठिपके दिसतात. संगणकाचा किंवा दूरचित्रवाणीचा पडदाही तसाच असतो. त्यावरच्या एका ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत, हे रेझोल्यूशनचा आकडा सांगतो. निरोगी डोळ्याला दोन ठिपके वेगळे दिसण्यासाठी त्यांच्यात सुमारे १ मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा, कोन असावा लागतो. डच नेत्रवैद्य हर्मन स्नेलेन यांनी १८६२ साली तयार केलेला अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. याचा हिशोब सोपा आहे. ठिपक्याच्या रुंदीच्या सुमारे ३,४४० पट अंतरावर गेलो की तो शेजारच्या ठिपक्यात मिसळून जातो.

हे वर्गात करून पाहता येते. पांढऱ्या कागदावर १ मिलिमीटर जाडीच्या काळ्या रेघा १ मिलिमीटर अंतर सोडून काढाव्यात. कागद चांगल्या उजेडात भिंतीवर लावावा आणि मुलांना एकेक पाऊल मागे जायला सांगावे. साधारण साडेतीन मीटरवर रेघा जाऊन करडा पट्टा दिसू लागतो. तीक्ष्ण नजरेच्या काही मुलांना त्याहूनही दुरून रेघा दिसतील. एखाद्याच्या रेघा दीड-दोन मीटरवरच मिसळत असतील, तर त्या मुलाचे डोळे तपासून घ्यायला हवेत. फळ्यावरचेही त्याला नीट दिसत नसण्याची शक्यता आहे.

हे माप हाती घेऊन आता आपण १९७७ सालात जाऊ. त्या वर्षी अमेरिकेतील अटारी कंपनीने घरच्या दूरचित्रवाणी संचाला जोडायचे खेळयंत्र बाजारात आणले. त्याचे चित्र आडवे १६० आणि उभे १९२, म्हणजे ३०,७२० ठिपक्यांचे होते. यंत्राची कामचलाऊ स्मृती मात्र अवघी १२८ बाइट, म्हणजे १,०२४ बिट होती. पूर्ण चित्र साठवायला तेथे जागाच नव्हती. म्हणून चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ आखत असतानाच पुढच्या ओळीची माहिती तयार करावी लागे. ४० सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर असा एक ठिपका अडीच मिलिमीटर भरतो. आपल्या सूत्राने तो साडेआठ मीटरवरूनही ओळखू येईल. घराच्या कोणत्याही कोपऱ्यात बसले तरी ठिपके दिसणारच!

या टंचाईने चित्रांचे रूपही ठरवले. जपानच्या निन्टेंडो कंपनीत शिगेरू मियामोटो यांनी १९८१ साली ‘डाँकी काँग’ हा खेळ रचला. त्याचा नायक म्हणजेच पुढे प्रसिद्धीस आलेला मारिओ. जेमतेम १६ ठिपक्यांच्या उंचीत तोंड आणि केस काढणे अवघड होते. म्हणून तोंडाऐवजी मिशी आणि केसांऐवजी टोपी आली. अशा काळात चार ठिपके जास्त मिळाले तरी फरक उघड दिसे.

पुढचा टप्पा मोठा बोलका आहे. आयबीएमने १९८७ साली व्हीजीए ही चित्रपद्धती आणली. तीत ६४० गुणिले ४८० ठिपके मिळत, पण रंग १६च. रंग २५६ हवे असतील, तर नेहमीची सोय ३२० गुणिले २०० ठिपक्यांची होती. खेळ रचणाऱ्यांपैकी पुष्कळांनी काय निवडले? कमी ठिपके आणि जास्त रंग. १९९३ सालचा गाजलेला ‘डूम’ हा खेळ ३२० गुणिले २०० ठिपक्यांचाच होता. संगणकापुढे हातभर अंतरावर बसणाऱ्याला ते ठिपके स्पष्ट दिसत. तरीही ही निवड का झाली? त्याचे आणखी एक कारण वेगात आहे. ‘डूम’ सेकंदाला जास्तीत जास्त ३५ चित्रे दाखवी. ६४,००० ठिपके गुणिले ३५ म्हणजे सेकंदाला सुमारे २२ लाख ठिपक्यांचा हिशोब झाला. हेच ६४० गुणिले ४८० ठिपक्यांसाठी करायचे तर आकडा एक कोटीच्या पुढे जातो. तेव्हाच्या घरगुती संगणकांना तो झेपणारा नव्हता. चित्र अडखळत हलले तर नेम साधत नाही. खेळणाऱ्याला रेखीव चित्रापेक्षा सुरळीत हालचाल जास्त मोलाची वाटते, हे तेव्हाच दिसून आले.

१९९६ साली थ्रीडीएफएक्स कंपनीचे ‘व्हूडू’ हे त्रिमितीय चित्रांसाठीचे कार्ड आले आणि ६४० गुणिले ४८० ठिपक्यांवर वेगवान खेळ शक्य झाले. हा फरक कोणाच्याही लक्षात येण्याजोगा होता. दूरवरचा शत्रू आधी दोन-तीन ठिपक्यांचा डाग असे, आता त्याची आकृती ओळखू येऊ लागली. येथे जास्त ठिपके म्हणजे जास्त माहिती होती.

मात्र १ मिनिटाचा नियम सर्वत्र लागू पडत नाही, हेही सांगायला हवे. प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर आठवा. दोन रेघा एका ओळीत आहेत की किंचित सरकलेल्या, हे डोळा काही सेकंदांच्या कोनापर्यंतही ओळखतो. (येथे सेकंद म्हणजे मिनिटाचा साठावा भाग.) म्हणूनच तिरक्या रेघेच्या कडेला दिसणाऱ्या पायऱ्या, एकेक ठिपका वेगळा दिसेनासा झाल्यावरही खटकतात. यावर ठिपके वाढवणे हा एक उपाय झाला. कडेच्या ठिपक्यांना मधल्या छटा देणे हा दुसरा. त्याचे शास्त्र फ्रँकलिन क्रो यांनी १९७७ सालीच मांडले होते.

२००५ साली मायक्रोसॉफ्टचे ‘एक्सबॉक्स ३६०’ हे १२८० गुणिले ७२० ठिपक्यांचे यंत्र आले. पुढच्याच वर्षी ‘डेड रायझिंग’ या खेळातील बारीक अक्षरे जुन्या संचांवर वाचता येत नाहीत, अशी ओरड झाली. सूचनाच वाचता आली नाही तर खेळायचे कसे? रेझोल्यूशनचा फरक येथे थेट खेळाच्या मुळाशी भिडला.

त्यानंतर मात्र लाभ उतरणीला लागला. २०१३ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा एकच खेळ एका यंत्रावर १०८० ओळींचा, तर दुसऱ्यावर ७२० ओळींचा निघाला. त्यावर खेळणाऱ्यांमध्ये मोठे वाद झाले. ठिपके सव्वादोन पट होते, हे खरे. पण ४० इंची संच घेऊन आपले सूत्र लावा. ७२० ओळींचा ठिपका सुमारे २.४ मीटरवर, १०८० ओळींचा १.६ मीटरवर आणि ४केचा ०.८ मीटरवर मिसळतो. अडीच मीटरवर कॉटवर बसून खेळणाऱ्याला या तिन्हींत फारसा फरक जाणवू नये. जाणवला तर तो मुख्यतः कडांच्या पायऱ्यांत. तोच ४के पडदा टेबलावर अर्ध्या मीटरवर ठेवला, तर मात्र फरक दिसेल.

यंत्रे बनवणाऱ्यांनीही हे ओळखले आहे. ४केसाठी १०८० ओळींच्या चौपट, म्हणजे ८२,९४,४०० ठिपके लागतात. २०१६ सालच्या ‘प्लेस्टेशन ४ प्रो’वर अनेक खेळ त्यांतले निम्मेच मोजून उरलेले अंदाजाने भरत. २०१८ साली आलेली एनव्हिडिया कंपनीची डीएलएसएस ही पद्धतही कमी ठिपक्यांचे चित्र काढून ते मोठे करते. वाचलेली शक्ती वेगासाठी किंवा प्रकाश-सावल्यांसाठी वापरली जाते. ‘डूम’च्या वेळचीच ही निवड आहे, फक्त आकडे मोठे झाले आहेत.

तेव्हा मुलांच्या प्रश्नाला सरळ हो किंवा नाही असे उत्तर देऊ नये. त्यांना उलट तीन गोष्टी विचाराव्यात. पडदा केवढा? बसणार किती अंतरावर? आणि जास्त ठिपक्यांसाठी हालचालीचा वेग घटणार तर नाही ना? पहिल्या दोन उत्तरांसाठी मोजपट्टी आणि एक भागाकार पुरतो. पालकांनी पैसे मोजण्यापूर्वी मुलाने हा भागाकार करून दाखवला, तर कोनमापनाचा धडा त्याला नीट समजला असे खुशाल समजावे.