फुटलेला चेंबर आणि गाडीची ओळख

आज आम्ही एक वस्तू बरोबर आणली आहे. मागे बसलेल्यांना नीट दिसणार नाही, म्हणून सांगतो. म्हैसूरला बनलेल्या जुन्या जावाचा हा क्रँककेस. गॅरेजमध्ये याला चेंबर म्हणतात. इथे ही जाड, ओबडधोबड रेघ बघा. अशी रेघ बहुधा चेनची करणी असते. चेन तुटून आत गुंडाळली जाते, चेंबर फुटतो, आणि कुणीतरी तो सांधतो.

सांधायचा कशाला? नवा का नाही बसवायचा?

एक कारण म्हणजे टंचाई. परवाना राजमध्ये बाहेरून भाग मागवणं सोपं नव्हतं, आणि १९९६ मध्ये तर म्हैसूरचा कारखानाच बंद पडला. दुसरं कारण आपण सहसा विसरतो. इंजिन नंबर चेंबरवर ठोकलेला असतो आणि तोच आरसी बुकात लिहिलेला असतो. चेंबर बदलला की कागदावरची गाडी एक आणि दारातली दुसरी! म्हणून चेंबर जगवायचा.

पण हे काम अवघड. लोखंड तापलं की लाल होऊन इशारा देतं. अ‍ॅल्युमिनियम तसं काही सांगत नाही. ते ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर २००० अंशांपर्यंतही वितळत नाही. वरून सगळं ठीक दिसतं आणि अचानक तुकडा ओघळतो. यावर कारागिरांची एक युक्ती होती. गॅसच्या ज्योतीची काजळी आधी धातूवर धरायची. मग तापवताना ती काजळी उडाली, की धातू पुरेसा तापला असं समजायचं. शिवाय भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडायचं, म्हणजे भेग पुढे सरकत नाही. बिडाच्या भागाची तऱ्हा वेगळी. तो सावकाश तापवायचा, पितळ भरायचं आणि सावकाशच थंड करायचा. घाई केली तर शेजारीच नवी भेग.

१९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या नॉर्थरॉप या विमान कंपनीत, मॅग्नेशियम जोडण्यासाठी, एक पद्धत विकसित झाली. आपल्याकडे तिला आर्गन वेल्डिंग म्हणतात. हा वायू धातूला हवेपासून वाचवतो. आज चेंबर बहुतेक त्यानेच सांधतात, आणि सांधा इतका साफ येतो की घासल्यावर दिसतही नाही.

इथेच आमची काळजी सुरू होते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात जपलेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. चांगलंच आहे. पण ‘मूळ’ दिसावं म्हणून आपण जुने सांधे घासून टाकतो. गाडी कारखान्यात काही दिवस असते, रस्त्यावर पन्नास वर्षं. त्या पन्नास वर्षांची नोंद कुठल्या कागदावर आहे? ती या रेघेतच आहे.

म्हणून एकच विनंती. सांधा कमकुवत असेल तर जरूर नव्याने करा, जिवाशी खेळ नको. पण घासण्याआधी फोटो काढा, आणि तो कुणी, कशाने केला ते विचारून लिहून ठेवा. सांगणारे आता थोडेच उरलेत.

आता प्रश्न घेऊ.